चापाचे वजन

लोहा,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद विशेष.

तुझे पत्र बुधवारी पावले. मोबाईलवर दोन ओळी न खरडता तू तीन पाठपोट कागद लिहिलेस, त्यामुळे तुझी अडचण तर कळलीच, परंतु तुझी घाईही कळली. कारण पहिल्या पानावरचे तुझे अक्षर शाळेत शोभेल असे आहे आणि तिसऱ्या पानावर, जिथे तू चाप दुरुस्त करण्याचा बेत मांडला आहेस, तिथे ते पळत सुटले आहे.

तुझी तक्रार अशी की पिस्तुलाचा चाप जड लागतो, ओढताना मध्येच किरकिरतो, आणि सुटण्याचा क्षण बोटाला नीट कळत नाही. मनसुबा असा की येत्या रविवारी खोलीवर बसून, कुठल्याशा चित्रफितीत पाहिल्याप्रमाणे, आतला पोलादी दात पॉलिशपेपरने घासावा, कमानीची दोन वेटोळी कापून टाकावीत, म्हणजे ६०० पैकी ५३१ वर अडलेले गुण पुढे सरकतील. आपल्या गावाचे नावच लोहा असल्यामुळे लोखंडाविषयी चार शब्द बोलण्याचा हक्क मला वतनाने मिळाला आहे, असे मी दुकानात गिऱ्हाइकांना गमतीने म्हणत असे. आज तोच हक्क, चाळीस वर्षे घड्याळे उघडून बसलेल्या माणसाच्या नात्याने, तुझ्यावर बजावतो आहे.

प्रथम माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो, कारण तो तुला घरात कोणी सांगितला नसेल. १९६७ साली मी हैदराबादच्या जुमेरात बाजारातून एक जुनी छर्ऱ्याची बंदूक आणली होती. तिचा चाप इतका कडक होता की दोन बोटे लावावी लागत. मी ती उघडली, ज्या दातावर दट्ट्या अडून राहतो तो दात कानशीने घासला, वर ब्रासो लावून आरशासारखा चकचकीत केला, आणि पंधरा दिवस मी स्वतःला मोठा कारागीर समजत होतो. चाप असा सुटे की नुसत्या विचाराने सुटावा. सोळाव्या दिवशी संध्याकाळी ती बंदूक ताणून, छर्रा भरून मी भिंतीला टेकवली आणि पाणी प्यायला गेलो. वाऱ्याने दार आपटले, त्या धक्क्याने दात सुटला, आणि आमच्या आई जिथे मांडी घालून वाती वळत बसल्या होत्या तिथून हातभर अंतरावरच्या कंदिलाची काच फुटून त्यांच्या पदरात पडली. त्या काही बोलल्या नाहीत. पदर झटकला, काचा सुपात गोळा केल्या, आणि मला अंधारातच दुसरी काच आणायला वाण्याकडे पाठवले.

असे का झाले, हे मला बऱ्याच वर्षांनी, घड्याळांच्या धंद्यात मुरल्यावर कळले. असल्या भागांचे पोलाद पुष्कळदा फक्त पृष्ठभागावर कठीण केलेले असते, आत ते मऊच असते, आणि त्या कठीण थराची जाडी एखाद्या जाड कागदाहून फार नसते. तो थर तू घासून काढलास की चाप तत्काळ लोण्यासारखा होतो खरा. पण आता दाताचा आतला मऊ धातू उघडा पडलेला असतो, दर फैरीगणिक त्याची कड झिजते, आणि ज्या कोनात तो दात कारखान्यात बसवलेला असतो तो कोन तुझ्या हाताच्या अंदाजाने बदललेला असतो. मनगटी घड्याळात पॅलेटचा खडा केसभर तिरका बसला तर घड्याळ बंद पडते, यापलीकडे कोणाचे नुकसान होत नाही. इथे मात्र समोर नळी असते. कमान कापण्याचेही तेच: कापलेली कमान पुन्हा वाढत नाही, आणि उरलेल्या वेटोळ्यांवर जो भार येतो त्याचा हिशेब करणारा मनुष्य पिस्तुलाच्या जर्मन कारखान्यात बसला होता, नांदेडच्या भाड्याच्या खोलीत नव्हे.

आता कायदेशीर बाजू. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाचे वजन ५०० ग्रॅमहून कमी असता कामा नये, हा नियम तुला पाठ असेलच. पण त्याची रुजुवात कशी घेतात हे तू बारकाईने पाहिले आहेस काय? नळी आकाशाकडे उभी धरतात, सपाट पृष्ठभागावर ठेवलेले ५०० ग्रॅमचे वजन चापाला लावतात, आणि झटका न देता ते पृष्ठभागापासून वर उचलतात. चाप सुटला तर पिस्तूल नापास. ही तपासणी सामन्यानंतरही होते, आणि तिथे नापास झालेल्याचे साठही फैरींचे गुण दफ्तरातून खोडले जातात. म्हणजे तुझ्या मनात चाप जितका हलका करायचा आहे, तितका करण्याची तुला मुळी मुभाच नाही. राही सरनोबत या कोल्हापूरच्या नेमबाज. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला त्यांनी ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तिथे चापाचे किमान वजन १००० ग्रॅम, तुझ्या दुप्पट असते. जड चापाने गुण जातात असे म्हणणाऱ्याने याचे उत्तर द्यावे.

गुण कुठे जातात ते मी तुला अंकगणिताने दाखवतो. तुझ्या पिस्तुलावर नेम धरण्याच्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचे अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धर. बोटाच्या झटक्याने ती माशी एका मिलिमीटरने हलली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर बाजूला जाईल. दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर, आणि काळ्या भागाचा ५९.५, म्हणजे मध्यावर रोखलेला छर्रा थेट साताच्या घरात. तू पाठवलेल्या लक्ष्याच्या कागदांवर मी भिंग धरून पाहिले: तुझे वाईट छर्रे विखुरलेले नाहीत, ते खाली आणि डावीकडे एका जागी गर्दी करून बसले आहेत. उजव्या हाताने मारणाऱ्याचा कागद असा दिसला की त्याने चाप ओढला नसून हिसकला आहे, असे समजावे. दात घासल्याने ही गर्दी हलणार नाही.

माळेगावच्या यात्रेतले फुग्यांचे दुकान आठव. तिथल्या बंदुकांची माशी वाकडी, चाप गंजका, आणि मालकाला यातच बरकत. तरी दरवर्षी कोणी तरी पटकेवाला म्हातारा, बाजारात बैल घेताना त्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा, पहिले दोन छर्रे वाया घालवून त्या बंदुकीचा स्वभाव ओळखतो आणि मग ओळीने फुगे फोडत जातो. मी लहानपणापासून त्या म्हाताऱ्यांकडे पाहत आलो आहे. त्यांतला एकही कधी पेचकस मागताना मी पाहिला नाही.

याचा अर्थ चापाला हातच लावू नये असा नव्हे. कारखान्याने ज्या ज्या गोष्टींसाठी पेच दिला आहे, त्या त्या तुझ्या अखत्यारात आहेत. जिथे पेच नाही तिथे तुझा अखत्यार संपला. आधी छर्रा नाही ना हे डोळ्यांनी पाहा, आणि काम करताना नळी भिंतीकडेच असू दे. मग एक वही घे आणि प्रत्येक पेच आज कुठे आहे त्याची नोंद कर: पहिल्या टप्प्याचे वजन, दुसऱ्या टप्प्याचे वजन, सुटल्यानंतर चाप मागे किती जातो ते थोपवणारा पेच, आणि बोट टेकते त्या पात्याची जागा. एका वेळी एकच पेच, तोही पाव फेरा. दोन पेच एकदम फिरवणाऱ्याला गुण कशाने वाढले आणि कशाने घटले हे जन्मात कळत नाही. बरेच नेमबाज पाचशेपैकी मोठा वाटा पहिल्या टप्प्यावर ठेवतात, म्हणजे बोट भिंतीला टेकल्यासारखे ठरते आणि पुढच्या थोडक्या वजनाने चाप सुटतो. तुला जो "क्षण कळत नाही" तो बहुधा इथेच सापडेल. दात किती अडतो हे ठरवणारा पेच मात्र एकट्याने फिरवू नकोस, तो तुझ्या प्रशिक्षकांसमोर फिरव. किरकिरीचे म्हणशील तर मला मळाचा संशय आहे. जुने ग्रीस आणि आपल्या मुलखातली काळी धूळ यांचे जे खळ बनते त्याने मी शेकडो घड्याळे बंद पडलेली पाहिली आहेत. चाप उघडा करता येईल तितकाच उघडून पुसून घे, आणि पुस्तिकेत सांगितलेले ग्रीस काडीच्या टोकावर येईल एवढेच लाव. खोबरेल नको. हवेच्या वाटेत तर कुठलेच तेल नको.

इतके करूनही यंत्र दगा देणार नाही, असे मी म्हणत नाही. नेमबाज मनू भाकर यांचे पिस्तूल टोकियो ऑलिंपिकला, २५ जुलै २०२१ रोजी, दहा मीटर एअर पिस्तुलाच्या ऐन पात्रता फेरीत बिघडले; दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, ५७५ गुणांवर त्या बाराव्या राहिल्या आणि अंतिम फेरी हुकली. त्याच प्रकारात पॅरिसला २८ जुलै २०२४ रोजी त्यांनी २२१.७ गुणांनी कांस्य मिळवले. उत्तम देखभाल असलेले पिस्तूलही ऐन वेळी अडते, मग खोलीवर कानस मारलेल्याचा भरवसा किती धरावा, याचा विचार तू कर.

रोज रात्री अर्धा तास, छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीवर सराव कर. लक्ष्याचा कागदही लावू नकोस. तुझ्या पिस्तुलात ड्राय फायरिंगची सोय आहे, ती वापर. खोलीतल्या तुझ्या सोबत्याचे कमानीचे पिस्तूल मात्र रिकामे कधीही सोडू नका, त्याचा दट्ट्या टोकाला आपटून बिघडतो. बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य पात्यावर, ओढ सरळ मागे, आणि चाप सुटल्यावरही माशी खाचेत स्थिर दिसली पाहिजे. दिसली नाही तर वहीत फुली मार. पहिल्या आठवड्यात फुल्याच फुल्या येतील, त्याचा राग धरू नकोस.

उद्याच्या सकाळच्या गाडीने कंडक्टरजवळ एक पुडके देतो आहे, ते नांदेड स्थानकावरून न चुकता उतरवून घे. आत आडत दुकानातून मागून आणलेले अर्ध्या किलोचे शिक्क्याचे वजन आहे. त्याला मी पितळी तारेचा आकडा बसवला आहे, आणि टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आहे, म्हणजे पात्यावर ओरखडा उठणार नाही. सराफाच्या काट्यावर आकड्यासकट ५०४ ग्रॅम भरले. तुझा चाप एवढे तोलून धरतो का ते तीन वेळा पाहा आणि किती वेळा धरला ते कळव. तुझ्या आजीने त्याच पुडक्यात शेंगदाण्याची चटणी घातली आहे, ती वजनाला लागली असेल तर पुसून घे.

तुझा,
आबा