एकच देश, दोन बाजार

कॅनडा हा विस्ताराने जगातील दुसऱ्या क्रमांकाचा देश होय. त्याच्या दक्षिणेस ऑन्टॅरिओ प्रांतात सफरचंदांच्या बागा व दुधाचा मोठा व्यवसाय असल्यामुळे ताजे अन्न बाजारात सहज येते. उत्तरेकडील नूनावूत प्रदेशाची स्थिती मात्र निराळी आहे. १९९९ साली निर्माण झालेल्या या प्रदेशातील २५ गावांपैकी एकासही देशाच्या इतर भागाशी जोडणारा रस्ता नाही. समुद्र वर्षातील बहुतेक काळ गोठलेला असतो. जहाजे येतात ती उन्हाळ्यात. तेव्हाच पीठ, इंधन इत्यादींची वर्षभराची बेगमी करावी लागते. दूध, फळे व भाज्या फार दिवस टिकत नाहीत, म्हणून त्या विमानाने आणाव्या लागतात. ते भाडे किमतीत मिसळते आणि तीच वस्तू दक्षिणेपेक्षा पुष्कळ महाग होते. वस्तूची किंमत केवळ तिच्या गुणावर नव्हे, तर तिने चाललेल्या वाटेवरही ठरते, ती अशी.

सरकार या वाहतुकीस अर्थसाहाय्य देते. तरीही अनेक कुटुंबांना पुरेसे अन्न मिळणे कठीण जाते. अशा वेळी तेथील इनुइट लोकांची जुनी रीत कामी येते. शिकारीत मिळालेले सील वा कॅरिबू यांचे मांस ते आप्तेष्टांत व शेजाऱ्यांत वाटून घेतात. बाजारात जे परवडत नाही, त्याची उणीव ही वाटणी काही अंशी भरून काढते.