गोळीची वेळ पाळा

बाईची पाळी बहुधा ४५ ते ५० च्या सुमारास जाते. लागोपाठ १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे समजावे. हा काही रोग नव्हे. पण कित्येकींना या दिवसांत फार सोसावे लागते. एकाएकी अंगाची लाही होते. रात्री दरदरून घाम फुटतो. झोप उडते. असे का बरे होते? बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचा रस तयार होत असतो. या वयात तो आटतो.

त्रास फार असेल, तर डॉक्टर हाच रस औषध म्हणून देतात. वय ६० च्या आत असताना, किंवा पाळी जाऊन १० वर्षे व्हायच्या आत, हे औषध सुरू करणे चांगले. मात्र ते सगळ्यांना चालत नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, शिरेत रक्त गोठलेले असेल किंवा यकृत बिघडलेले असेल, तर ते सहसा देत नाहीत. तेव्हा शेजारणीची गोळी आपण घेऊ नये.

गर्भाशय काढलेले नसेल, तर गोळ्या दोन असतात. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढते. अशा बायकांना गर्भाशयाचा कर्करोग अधिक होतो, असे १९७५ साली अमेरिकेतील डॉक्टरांना आढळले. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन देतात. पैसे वाचवायला ही दुसरी गोळी सोडाल, तर जिवाशी गाठ आहे, बरं का!

आता वेळेचे पाहू. इस्ट्रोजेनची गोळी रोज एकाच वेळी घ्यावी. न्याहारीनंतर ठरली, तर रोज न्याहारीनंतरच. प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते, म्हणून ते निजताना घ्यावे. कुणाला ते रोज असते, कुणाला महिन्यातून १२ ते १४ दिवस. किती दिवस, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारावी.

एखादे दिवशी विसर पडला तर? त्याच दिवशी आठवले, तर लगेच घ्यावी. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. गोळ्या वरचेवर चुकल्या, तर मधूनच अंगावर लाल जाते.

गुण यायला काही आठवडे लागतात, कधी ३ महिनेही लागतात. चार दिवसांत आराम नाही म्हणून औषध टाकू नये. पण अवेळी रक्त गेले, तर डॉक्टरांना सांगावे. पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली किंवा दम लागला, तर तडक दवाखाना गाठावा.

वाचा आणि सांगा :
१. प्रोजेस्टेरॉन निजताना का घ्यावे?
२. दुसरी गोळी सोडली तर काय धोका आहे?
३. काल गोळी विसरली, तर आज किती घ्याव्यात?