कूपनची सवलत : नफा कोणाचा, तोटा कोणाचा?

व्यापारी बंधूंनो, सप्टेंबर २०१३ मध्ये कांदा महागला असता ग्रुपॉन कंपनीने तो ९ रुपये किलोने विकला. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. जाहिरातीसाठी तोटा सोसण्याची त्या कंपनीची ऐपत होती. आपली आहे काय?

या कूपनांची रीत अशी : दुकानदाराने माल निम्म्या किमतीत द्यायचा आणि आलेल्या रकमेतून साधारण निम्मी कंपनीने ठेवायची. आम्हा कापडवाल्यांचा हिशेब पाहू. १००० रुपयांची चादर ५०० ला गेली. कंपनीचे २५० वजा जाता हाती २५०. खरेदी ७०० ची असेल तर चादरीमागे तोटा ४५०. अशा १०० चादरी गेल्या तर ४५,०००!

मग कूपन परवडते कोणाला? लोणावळ्याच्या हॉटेलवाल्याला, तेही मंगळवार-बुधवारी. रात्रभर रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. कापडाचा ताका मात्र उद्याही विकतो. शनिवार-रविवारी तर मुंबई-पुण्याची गर्दी कूपनाविनाच येते. तिला सवलत कशासाठी?

कूपन द्यायचेच तर संख्या व दिवस आधी ठरवा. कंपनीकडे अडकणारी रक्कम ही उधारीच. आणि उधारी मुदतीसह लिहून घ्यावी, ही कुरआनची शिकवण आहे (सूरह बकरा, आयत २८२). आधी भाव फुगवून मग सवलत दाखवणे ही फसवणूक. त्यात बरकत नाही. कामशेत-वडगावचे जे गिऱ्हाईक ईदेला आणि लग्नसराईत दरवर्षी येते, त्याला रास्त भाव द्या. दुकान त्याच्यावर चालते.