आपत्तीचा डिप्लोमा घेण्याआधी

नद्यांचं पाणी वाढलं की माझ्याकडचे फोनही वाढतात. टीव्हीवर नारिंगी कपड्यांतले एनडीआरएफचे जवान रबरी बोटीतून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढताना दिसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रश्न सुरू. ‘सर, मुलाला एनडीआरएफमध्येच जायचंय, डिझास्टर मॅनेजमेंटचा डिप्लोमा कुठे करू?’ ‘बारावीनंतर एक वर्षाचा कोर्स आहे, केंद्र सरकारात नोकरी लागते म्हणतात. सीट अडवायला आजच पैसे मागतायत. भरू का?’

नका भरू.

जाहिरातीत जे छापलेलं नसतं ते सांगतो. एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात, जवानांची थेट भरती होत नाही. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी आणि आसाम रायफल्स या दलांतले जवान आणि अधिकारी काही वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर तिथे येतात. तेव्हा आधी या दलांत शिरावं लागतं. दहावीवर एसएससीची, म्हणजे कर्मचारी निवड आयोगाची, कॉन्स्टेबल जीडी परीक्षा, पदवीवर यूपीएससीची असिस्टंट कमांडंटची परीक्षा. तिथे लेखी पेपर असतो, धावायला लावतात, छाती मोजतात, डोळे तपासतात. तुमच्या डिप्लोम्याचा कागद कुणी उघडूनही बघत नाही. निवड झाली म्हणजे एनडीआरएफ मिळेलच असंही नाही. पहिली नेमणूक छत्तीसगडच्या जंगलात किंवा राजस्थानच्या सीमेवर होऊ शकते. ती तयारी असेल तर खुशाल निघा, मुलींनीही निघा. २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानला गेलेल्या एनडीआरएफच्या पथकांत महिला जवान होत्या.

दुसरी गफलत एनडीएमएबद्दल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण २००५ च्या कायद्याने उभं राहिलं, पंतप्रधान त्याचे अध्यक्ष. धोरण ठरवणं, मार्गदर्शक सूचना काढणं, राष्ट्रीय आराखड्याला मंजुरी देणं, राज्यांकडून सराव करून घेणं हे त्याचं काम. तिथले सल्लागार कंत्राटी असतात आणि त्यांना आपापल्या विषयातला अनुभव लागतो. खालच्या पायरीवर राज्यात मुख्यमंत्री आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी अध्यक्ष. संकट मोठं असलं की दिल्लीत कॅबिनेट सचिवांची राष्ट्रीय संकट व्यवस्थापन समिती बसते. हवामान खातं वादळाची वाट सांगतं, गृह आणि संरक्षण खातं हाताशी काय आहे ते मांडतं, दूरसंचारवाले टॉवरचं बोलतात, राज्यांचे मुख्य सचिव व्हिडिओवर आपली मागणी सांगतात आणि कुठली पथकं आधीच कुठे नेऊन ठेवायची ते ठरतं. यातला ‘आधीच’ हा खरा कळीचा भाग. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१९ साली ‘फणी’ आलं तेव्हा त्याच ओडिशाने १२ लाखांच्या आसपास लोक किनाऱ्यावरून हलवले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

आता मला सांगा, त्या बैठकीत ‘आपत्तीवाला’ कोण होता? जो तो आपापल्या विषयाचा माणूस म्हणून बसलेला असतो. एनडीआरएफचं ४५ जणांचं एक पथक घ्या. त्यात इंजिनियर असतो, इलेक्ट्रिशियन असतो, तंत्रज्ञ असतात, श्वानपथक असतं, वैद्यकीय मदतनीस असतात. ढिगाऱ्याखालचा आवाज टिपायची यंत्रं लावली की सगळ्यांना गप्प उभं करतात. त्यानंतर कुठला स्लॅब आधी कापला तर बाकीचा खाली येणार नाही हे इमारतीची समज असणाऱ्यालाच कळतं.

माझा आवडता रस्ता मात्र वेगळाच आहे, आणि पालक त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. तो आहे पाण्याचा अभ्यास, जलविज्ञान.

पावसाळ्यात कुठल्याही कोल्हापूरकराला विचारा, पंचगंगेची पातळी तो फुटा-इंचांत सांगेल. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. सांगलीकरांच्या तोंडी आयर्विन पुलाचे ४० आणि ४५ फूट असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आत्ता पाणी किती आहे हे पट्टी बघून कुणीही सांगतो. उद्या सकाळी किती असेल, हे सांगणारा माणूस महाग. त्याला कोयनेच्या पाणलोटात किती पाऊस पडला, विसर्ग किती क्युसेक वाढवला, वारणा किती घेऊन येतेय, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत आणि पलीकडे कर्नाटकात अलमट्टीतून किती सोडतायत, हे सगळं एकत्र मांडावं लागतं. दोन राज्यांची खाती, धरणांवरचे अभियंते आणि पुराचा अंदाज देणारा केंद्रीय जल आयोग यांच्यात हे आकडे वेळेत फिरले, तर तलाठी आणि सरपंच आदल्या दिवशीच दारोदार जाऊ शकतात. लोक गुरंढोरं घेऊन पायी बाहेर पडतात, बोटीची गरजच लागत नाही. २०१९ च्या त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली होती, हे विसरू नका.

या कामाला माणूस कसा लागतो? दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा करून एसएससीची ज्युनिअर इंजिनियरची परीक्षा दिली तर त्यातून केंद्रीय जल आयोगात जागा भरल्या जातात. सिव्हिलची पदवी असेल तर यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून केंद्रीय जल अभियांत्रिकी सेवा. राज्यात जलसंपदा विभाग आहेच. पुढे शिकायचं तर आयआयटी रुरकीला जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि संशोधनाची आवड असेल तर १९१६ पासून चालू असलेलं, आता खडकवासल्याला असणारं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र पुण्याच्या दारात आहे. पुराची मॉडेलं चालवायला प्रोग्रामिंग आणि जीआयएस लागतं, त्यामुळे संगणकाची हौसही वाया जात नाही.

‘सिव्हिल? सर, आता सिव्हिल कोण घेतं?’ हा प्रश्न ऐकून कान किटले. शेजारच्यांचा मुलगा कॉम्प्युटरला गेला म्हणून आपलाही गेला पाहिजे, हे करिअरचं नियोजन नाही, ही हळदीकुंकवातली चढाओढ आहे.

बाकीचे रस्ते झटपट सांगतो. फिजिक्स आवडत असेल तर हवामानशास्त्र: पुणे विद्यापीठात वातावरण विज्ञानाचं एम.एस्सी. आहे, आणि जुने पुणेकर ज्याला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते हवामान खात्याचं कार्यालय शिवाजीनगरलाच आहे. अग्निशमनासाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, तिथे फायर इंजिनियरिंगची पदवी मिळते. कुठलीही चांगली पदवी हातात असेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं. त्याला अर्थ आहे, कारण तेव्हा मुलाकडे जोडायला काहीतरी असतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याच्या जागा आपल्याकडे बहुतेक कंत्राटी आहेत, तेवढं ध्यानात ठेवून त्या वाटेला जा.

पालकांना आणखी एक. काही जण मुलाची पुरात उतरायची हौस ऐकून हबकतात आणि विषयच बंद करतात. काही जण उलट, त्या हौसेवर घाईघाईने पैसे ओततात. दोघांनाही एकच सांगणं: आधी त्याला १२ दिवस राबू द्या. एनडीएमएच्या ‘आपदा मित्र’ योजनेत गावोगावच्या स्वयंसेवकांना एवढ्या मुदतीचं प्रशिक्षण दिलं जातं, प्रथमोपचारापासून पुरातल्या सुटकेपर्यंत. तुमच्या जिल्ह्यात पुढची तुकडी कधी आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती कक्षात जाऊन विचारा. कॉलेजात एनसीसी किंवा एनएसएस असेल तर तिथेही चौकशी करा.

आणि तरीही तो एक वर्षाचा डिप्लोमा डोक्यातून जात नसेल, तर संस्थेकडे गेल्या दोन वर्षांच्या मुलांची यादी लेखी मागा: कोण, कुठे लागला, किती पगारावर. दिली नाही तर चेक परत खिशात घाला आणि घरी या.