घर उभे राहण्यापूर्वी : वास्तुचित्रणासाठी संगणकाची निवड

सोनकच्छहून आष्टा, सिहोर करीत भोपाळ गाठले आणि तेथून थोडे पुढे भोजपूरला गेले, म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या त्या प्रचंड शिवालयाभोवतीच्या खडकांवर कोरलेल्या रेषा पाहावयास मिळतात. कोठे खांब, कोठे शिखराचा भाग, कोठे देवळाचा तळविन्यास. ह्या रेषा शोभेसाठी नाहीत. दगड चढविण्यापूर्वी इमारत कशी होणार आहे हे कारागिरांच्या डोळ्यांपुढे असावे, म्हणून काढलेले ते आराखडे आहेत. हे देवालय धारच्या भोजराजाचे मानले जाते. त्याच्याच नावावर असलेला ‘समराङ्गणसूत्रधार’ हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये १९२४-२५ साली छापून निघाला. त्यात घरे, नगरे व देवळे ह्यांच्या रचनेबरोबर यंत्रांवरही एक अध्याय आहे. बांधकाम आणि यंत्र हे दोन विषय एका ग्रंथात नांदावेत ह्याचे आज कोणास नवल वाटू नये, कारण आजच्या वास्तुविशारदाचा खडक म्हणजे त्याच्या टेबलावरचा संगणकच होय.

आपल्या समाजातील मुले-मुली आता इंदूर, भोपाळ, पुणे येथे आर्किटेक्चर शिकावयास जातात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घरी निरोप येतो की, ‘रेंडरिंगसाठी चांगला संगणक हवा.’ फीच्या खालोखाल हाच मोठा खर्च. कोणी ठेव मोडतो, कोणी न्यासाकडे साहाय्याचा अर्ज करतो. आणि मग दुकानात पाऊल टाकताच दहा प्रकारची नावे व आकडे अंगावर येतात. पैसे किती खर्चावेत ह्यापेक्षा ते कोणत्या भागावर खर्चावेत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते घरूनच ठरवून जावे लागते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच.

प्रथम रेंडर म्हणजे काय ते पाहू. विद्यार्थी संगणकात घराची प्रतिकृती रचतो. भिंती, खिडक्या, फरशी, दिवे, अंगणातले झाड, सारे काही. रेंडर करणे म्हणजे त्या प्रतिकृतीत प्रकाश सोडून, खऱ्या कॅमेऱ्याने काढल्यासारखे चित्र तयार करणे. संगणक चित्राच्या प्रत्येक बिंदूमागे प्रकाशाचे किरण पाठवितो, ते भिंतीवर आदळून कोठे जातात ह्याचे गणित करतो आणि त्यावरून रंग ठरवितो. जेम्स काजिया ह्याने १९८६ साली ह्या गणिताचे मूळ समीकरण मांडले. आजच्या बहुतेक आज्ञावली त्याच पायावर उभ्या आहेत. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्रात वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे बिंदू असतात. लांबी-रुंदी दुप्पट केली की बिंदू चौपट. शिवाय किरण थोडे पाठविले तर चित्रावर रवा पसरल्यासारखे ठिपके दिसतात, आणि हे ठिपके निम्म्यावर आणावयाचे तर किरण चौपट लागतात. थोडक्यात, ‘जरासे अधिक स्वच्छ’ चित्र हवे म्हटले की काम जरासे वाढत नाही, अनेक पटींनी वाढते. म्हणून येथे यंत्राची पारख करावी लागते. पत्रे लिहिणाऱ्यास ती नाही केली तरी चालते.

आता मुख्य मुद्दा. हे गणित करणारी संगणकात दोन ठिकाणे आहेत, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. आणि कोणते ठिकाण कामाला लागणार हे आज्ञावलीवर अवलंबून असते. कोरोना ही आज्ञावली प्रोसेसरवरच चालते; तिच्यासाठी महागडे कार्ड घेणे म्हणजे बैलगाडीला मोटारीचे चाक लावणे. लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन ह्या आज्ञावली ग्राफिक्स कार्डावर चालतात. तेथे चोवीस कोअरचा प्रोसेसर बराचसा नुसता बसून राहतो. व्ही-रे आणि विनामूल्य मिळणाऱ्या ब्लेंडरमधील सायकल्स ह्या दोन्ही ठिकाणी चालू शकतात. तेव्हा मुलाला किंवा मुलीला पहिला प्रश्न विचारावा तो हा : कॉलेजात वा कार्यालयात कोणती आज्ञावली वापरतात? तो सुटल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

प्रोसेसरविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. कोअर जितके जास्त तितका संगणक वेगवान, असे जाहिरातींवरून वाटते. रेंडर चालू असताना हे बरेचसे खरेही आहे, कारण चित्राचे तुकडे करून प्रत्येक कोअरला एकेक वाटून देता येतो. परंतु विद्यार्थ्याच्या दिवसाचा मोठा भाग रेंडर करण्यात जात नाही. तो स्केचअप, रेव्हिट, ऑटोकॅड ह्यांत रेषा ओढण्यात व भिंती सरकविण्यात जातो, आणि ते काम बहुतांशी एकाच कोअरच्या गतीवर चालते. जीन ॲमडाल ह्याने १९६७ मध्येच ह्याचा हिशेब सांगून ठेवला आहे. समजा, एखाद्या कामाचा शेकडा नव्वद भाग वाटून करता येतो व दहा भाग एकट्यानेच करावा लागतो. आठ कोअर लावले तर काम सुमारे ४.७ पट वेगाने होते. सोळा लावले तर ६.४ पट. कोअर दुप्पट झाले, वेग मात्र दीडपटही वाढला नाही. म्हणून विद्यार्थ्यासाठी आठ कोअरचा, एकेका कोअरची गती चांगली असलेला प्रोसेसर पुरेसा होय. बारा-सोळा कोअर त्याने घ्यावेत, ज्याचे रोजचे रेंडर प्रोसेसरवरच चालते. येथे एक सूचना. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे बिघाड होतो, असे २०२४ साली उघड झाले. कंपनीने दुरुस्तीची आज्ञावली काढली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढविली. असा प्रोसेसर स्वस्तात मिळत असल्यास मदरबोर्डाची बायोस नवी करून घेतल्यावाचून त्यावर काम सुरू करू नये, आणि वापरलेला तर घेऊच नये.

कार्डावर चालणाऱ्या आज्ञावलीसाठी मात्र कार्डाच्या गतीआधी त्याची स्वतःची मेमरी पाहावी. रेंडरला लागणारे सगळे सामान, म्हणजे भिंती, झाडे, फरशीची चित्रे, ह्या मेमरीत मावावे लागते. मावले नाही तर काही आज्ञावली साध्या रॅमचा आधार घेतात, पण मग गती कोसळते. काही तर कामच सोडून देतात. ही मेमरी कशी भरते ते आकड्यांनी पाहू. कडप्प्याचे किंवा सागवानाचे ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंचे एक चित्र उघडल्यावर सुमारे ६४ एम.बी. जागा घेते. अशी शंभर चित्रे झाली की ६.४ जी.बी. संपले, आणि शंभर चित्रे जमावयास एक सजविलेला दिवाणखाना पुरतो. आठ जी.बी.चे कार्ड येथेच धापा टाकू लागते. म्हणून आज बारा जी.बी. ही खालची मर्यादा मानावी, सोळा असल्यास उत्तम. नवा क्रमांक म्हणजे अधिक चांगले कार्ड, ही समजूतही तपासून पाहावी. एन्व्हिडियाचे आर.टी.एक्स. ३०६० हे २०२१ चे कार्ड बारा जी.बी.चे निघाले, तर २०२३ चे ४०६० आठ जी.बी.चे. खेळासाठी दुसरे सरस असेल, पण मोठे दृश्य पहिल्यातच मावेल. २०२५ चे ५०६० टी.आय. तर एकाच नावाने आठ व सोळा अशा दोन्ही मेमरींत मिळते. बिलावर कोणते लिहिले आहे ते वाचून घ्यावे. दोन कार्डे बसविली म्हणजे त्यांची मेमरी बेरजेने वाढते असेही सहसा होत नाही.

अर्थात यंत्राची सारी उणीव पैशानेच भरावी असे नाही. इंदूरच्या राजवाड्याचे उदाहरण घ्या. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीनंतर जे राहिले व जे पुन्हा उभे केले, त्याची प्रतिकृती करावयाची झाली तर एकेक नक्षीदार खांब स्वतंत्र रचणारा विद्यार्थी कोणतेही कार्ड गुदमरवून टाकील. शहाणा विद्यार्थी सुरूदार खांब एकदाच रचतो आणि तोच चाळीस ठिकाणी ‘इन्स्टन्स’ म्हणून ठेवतो. मेमरीत खांब एकच राहतो. दूरच्या भिंतीसाठी ४०९६ ऐवजी २०४८ चे चित्र वापरले तर ६४ एम.बी.चे १६ एम.बी. होतात, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला फरक कळत नाही. ही सवय अंगी बाणली तर मध्यम यंत्र दोन वर्षे अधिक टिकते.

रॅमविषयी थोडक्यात. ३२ जी.बी. घ्यावी, ती दोन पट्ट्यांत घ्यावी, एका पट्टीत नव्हे, कारण दोन असल्या की जा-ये दोन्ही वाटांनी होते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव एकदम भडकले, तेव्हा ६४ चा हट्ट सध्या सर्वांनीच धरू नये. मदरबोर्डावर दोन खाचा मोकळ्या असाव्यात, मात्र चारही भरल्यावर डी.डी.आर.५ रॅम बहुधा संथ गतीने चालवावी लागते हे ध्यानात असू द्यावे. एक टी.बी.ची एन.व्ही.एम.ई. डिस्क पुरे, तिच्याने फायली लवकर उघडतात, रेंडर लवकर होत नाही. मॉनिटर आय.पी.एस. असावा, एरवी पडद्यावरचा गेरू छापल्यावर विटकरी निघतो.

ज्या दोन गोष्टींकडे घराघरांत दुर्लक्ष होते, त्या म्हणजे वीज आणि उष्णता. तीस सेकंदांची एक चलच्चित्रफीत घ्या. सेकंदाला २५ चित्रे धरली तर ७५० चित्रे झाली. एका चित्रास चार मिनिटे लागली तर ३,००० मिनिटे, म्हणजे ५० तास. दोन दिवस व दोन तास यंत्र एकसारखे पूर्ण भारावर चालणार. अर्धा किलोवॉट धरला तर २५ युनिट वीज जळणार, आणि ती सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत उतरणार. माळव्यातील संध्याकाळी गार असतात हे खरे, पण मे महिन्यातील दुपारी बेचाळीस अंशांवर जातात. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःची गती आपणच कमी करून घेतो. म्हणजे महाग प्रोसेसर घेऊन वर स्वस्तातला पंखा बसविला तर दिलेल्या पैशांचा वेग मिळतच नाही. पुढून काच व रंगीबेरंगी दिवे असलेले कॅबिनेट मुलांना फार आवडते. पण हवा जाळीतून येते, काचेतून नव्हे. आपल्या काळ्या मातीची धूळ तर फटीतून कोठेही शिरते. तेव्हा पुढे जाळी, तिच्यामागे काढून धुता येईल असे फिल्टर, आणि महिन्यातून एकदा ब्रशने सफाई.

एस.एम.पी.एस. हा भाग तर बोलीत शेवटी, उरलेल्या पैशांत येतो. माझ्या भाचीने इंदूरच्या एका दुकानातून संगणक जुळवून घेतला. कार्ड नामांकित, प्रोसेसर नामांकित, आणि आत कोणी ऐकले नाही अशा नावाचा एस.एम.पी.एस. वर्षाच्या अखेरचे काम सादर करण्याच्या आदल्या रात्री, रेंडर अर्धे झाले असताना, तीन वाजता यंत्र बंद पडले ते पडलेच. दुकानदाराने नंतर भाग बदलून दिला. परीक्षकांपुढे मात्र तिला चित्राविना उभे राहावे लागले. प्रोसेसरचे दोनशे वॉट, कार्डाचे दोनशे, बाकीचे पाऊणशे, अशी बेरीज करावी आणि वर निदान तिसरा हिस्सा सोडावा. वरील हिशेबास ६५० वॉटचा, चांगल्या कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्राचा एस.एम.पी.एस. बसतो.

त्याबरोबर यू.पी.एस. बाजारात सर्वत्र दिसणारा ६०० व्ही.ए.चा यू.पी.एस. प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच सोसतो. रेंडर चालू असताना वीज गेली तर तोही बसतो. अशा यंत्रास हजाराच्या वरचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा घ्यावा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरील बटण ‘यू.पी.एस.’ बाजूस आहे ना हे पाहावे. दुसऱ्या बाजूस असल्यास पंखे चालतील, संगणक मात्र पुन्हा सुरू होईल. भिंतीतील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. आणि चित्रफीत कधीही एकसंध फाईल म्हणून काढू नये. ७५० निरनिराळी चित्रे काढावी व मागाहून जोडावी. मग वीज गेली तरी नुकसान एका चित्राचे, चार मिनिटांचे. दर आठवड्यास सगळे काम वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवावी.

वर्षातून एकदाच मोठी चित्रफीत करावयाची असेल, तर तेवढ्यासाठी सोळा कोअरचे यंत्र घेण्याऐवजी ते काम भाड्याच्या रेंडर फार्मकडे इंटरनेटने पाठविणे स्वस्त पडते, हाही हिशेब करून पाहावा.

राहता राहिली खरेदी. देवासला सगळे भाग मिळतीलच असे नाही, इंदूरला जावे लागेल. तीन दुकानांतून भागवार, कंपनीच्या व मॉडेलच्या नावासह लेखी दर घ्यावेत. नुसते ‘१६ जी.बी. कार्डवाला संगणक’ असे लिहून देणाऱ्याकडे परत जाऊ नये. बिल जी.एस.टी.चे पक्के, त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक. वॉरंटी त्या क्रमांकावरच चालते. आणि मुलाने स्वतःचे सर्वांत जड दृश्य पेनड्राइव्हवर घालून न्यावे, दुकानात तेच यंत्र तासभर रेंडरला लावावे, आणि प्रोसेसर व कार्ड ह्यांचे तापमान कोठवर चढते ते पाहून मगच पैसे मोजावेत. घाई करणाऱ्या दुकानदारास चहा सांगावयास लावावा. तास निघून जातो.