गोदीच्या भिंतींवरचे चेहरे

मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा आहे. तेथील ससून गोदीला पहाटेच जाग येते. मासेमारी नौका धक्क्याला लागतात. टोपल्या उतरतात, लिलाव पुकारला जातो. कोळी स्त्रिया मासळी विकत घेतात. एका बाजूला बसून कित्येक बाया भराभर कोलंबी सोलत असतात.

ही गोदी मासळीसाठी बांधलेली नव्हती. पूर्वी मोठी जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकत आणि माल लहान पडावांतून आणावा लागे. १८७५ साली ससून गोदी तयार झाली. तिच्यात भरतीचे पाणी अडवून ठेवता येत असे. त्यामुळे ओहोटीतही जहाज धक्क्यापाशी तरंगत राही. पश्चिम भारतातील अशी ही पहिली व्यापारी गोदी होय.

गोदी बांधणारे अल्बर्ट ससून यांचा जन्म बगदादचा. त्यांचे वडील डेव्हिड ससून हे ज्यू व्यापारी होते. ते मुंबईत येऊन स्थायिक झाले. पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईचे डेव्हिड ससून ग्रंथालय आजही या घराण्याच्या दानाची आठवण देतात.

हे धन आले कोठून? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून भारतातील कापसाला सोन्याचा भाव आला. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपची वाट जवळ झाली. ससून घराणे कापसाचा व्यापार करी, तसाच चीनला अफू पाठवण्याचाही करी. त्या अफूने चीनमधील असंख्य घरांची धूळधाण केली. दान खरे आणि अफूही खरी. इतिहासाने दोन्ही सांगायला हवे.

व्यापाराच्या खुणा भाषेतही राहतात. 'बंदर' हा शब्द फारसीतून, तर 'माल', 'दलाल' आणि 'हमाल' हे शब्द अरबीतून मराठीत आले. उर्दूतही ते आहेत. 'हमाल' हा शब्द टिकला. पण कापसाच्या गाठी पाठीवर वाहणाऱ्या हमालांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

१८८० साली मुंबईत प्रिन्सेस गोदी सुरू झाली. पुढे आणखी मोठ्या गोद्या झाल्या. मोठी जहाजे तिकडे वळली आणि ससून गोदी मासेमारांची झाली.

२०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'स्टार्ट इंडिया फाउंडेशन' या संस्थेने येथे कलाप्रदर्शन भरवले. देशोदेशीच्या कलावंतांनी जुन्या गोदामांत आणि भिंतींवर कलाकृती केल्या. त्यांतील एक उपक्रम साधा पण मोठा होता. गोदीवर राबणाऱ्या माणसांची छायाचित्रे काढून ती काळ्या-पांढऱ्या रंगांत मोठ्या कागदांवर छापली आणि भिंतींवर चिकटवली. जेआर या फ्रेंच कलावंताने २०११ साली सुरू केलेल्या 'इनसाइड आउट' उपक्रमाची हीच रीत आहे.

गोदीला नाव मिळाले मालकाचे. त्या चित्रांमुळे राबणाऱ्यांचे चेहरेही तिच्या भिंतींवर आले. कागद ऊनपावसात फार दिवस टिकत नाही. म्हणून ते चेहरे लक्षात ठेवण्याचे काम पाहणाऱ्यांचे आहे.

शब्दार्थ
गोदी – जहाजे लावण्याची बांधीव जागा
पडाव – माल वाहणारी लहान होडी
यादवी – एकाच देशातील लोकांचे आपसांतील युद्ध
धूळधाण – संपूर्ण नाश

स्वाध्याय
१. ओहोटीतही जहाज गोदीत का तरंगत राही?
२. भारतातील कापसाचा भाव का वाढला?
३. 'दान खरे आणि अफूही खरी' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. मराठीत 'बंदर' म्हणजे जहाजे थांबण्याची जागा. उर्दूत 'बंदर' आणि 'बंदरगाह' या शब्दांचे अर्थ कोणते?
५. तुमच्या गावातील बाजारात राबणाऱ्या एका व्यक्तीशी बोला आणि तिच्या कामाविषयी पाच वाक्ये लिहा.