शिंपल्याच्या खिडक्या

चर्च म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे टोकदार कमानी आणि त्यांतल्या निळ्या-तांबड्या काचा उभ्या राहतात. याचे निम्मे श्रेय हिंदी चित्रपटांना द्यावे लागेल. त्यामुळे जुन्या गोव्यात गेलेला आपल्याकडचा प्रवासी थोडा हिरमुसतो. तिथली चर्च जगप्रसिद्ध. 1986 साली युनेस्कोने ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली. पण रंगीत काचेतला संत तिथे सहसा भेटत नाही. मग कोणीतरी म्हणतो, पोर्तुगिजांना काच परवडली नसावी. ज्यांनी वेदीची भिंत खालपासून वरपर्यंत सोन्याच्या मुलाम्याने मढवली, त्यांच्याविषयी हा शेरा मला पटत नाही.

मुळात रंगीत काच आली कशी, ते आधी पाहू. बाराव्या-तेराव्या शतकात फ्रान्समधील गवंड्यांनी छताचा भार टोकदार कमानींवर आणि भिंतीबाहेरच्या टेकूंवर टाकण्याची युक्ती साधली. भिंतीवरचे ओझे उतरले आणि भिंतीच्या जागी खिडकी करता आली. काच वितळतानाच तिच्यात धातूंची भस्मे मिसळत. कोबाल्टने निळा, तांब्याने लाल रंग येई. त्या काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून चित्र तयार होई. शार्त्र येथील चर्च 1194 च्या आगीनंतर नव्याने उभे राहिले. त्याला अशा 176 खिडक्या होत्या. त्यातील कित्येक खिडक्यांच्या तळाशी पाव भाजणारे, जोडे शिवणारे, सुतार, पाणके आपापल्या कामात दंग असलेले दाखवले आहेत. संतांच्या पायाशी का होईना, कष्टकऱ्याला जागा मिळाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण गोव्यातली चर्च बांधली गेली ती सोळाव्या-सतराव्या शतकांत. तोवर युरोपातच वारे फिरले होते. प्रॉटेस्टंट बंडानंतर कॅथलिक धर्मसत्तेने 1545 ते 1563 या काळात ट्रेंट येथे परिषद भरवून आपली घडी पुन्हा बसवली. प्रवचनाला महत्त्व आले. लोकांना प्रवचनकार दिसावा, ऐकू यावा आणि नजर सोनेरी वेदीवर खिळावी, असे मोकळे सभागृह हवे होते. अशा ठिकाणी काळोख्या रंगीत काचेपेक्षा पांढरा, स्वच्छ उजेडच उपयोगी. बॉम जेझूस हे जेझुइट पंथाचे चर्च याच विचाराचे आहे. 1594 मध्ये त्याचा पाया घातला गेला आणि 1605 मध्ये ते पूर्ण होऊन त्याचा अभिषेक झाला. आत बाजूच्या खांबओळी नाहीत, एकच लांब दालन आहे. दर्शनी भिंतीत खाली तीन दरवाजे, त्यांवर तीन चौकोनी खिडक्या आणि त्यांच्याही वर तीन गोल खिडक्या. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष येथेच आहेत.

आता प्रश्न उरतो तो गोव्याच्या उन्हापावसाचा. साधी काच युरोपातून जहाजाने आणायची, म्हणजे ती महाग आणि वाटेत फुटणारी. शिवाय गोव्याचे ऊन साध्या काचेतून आत आले तर ते डोळ्यांत खुपणारच. यावर तोड निघाली ती किनाऱ्यावरच. खाडीच्या चिखलात एक चपटा, तळहाताएवढा शिंपला सापडतो. त्याचे कवच इतके पातळ की त्यातून उजेड येतो, पण पलीकडचे दिसत नाही. हे कवच चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ओळीने सरकवायचे, की तावदान तयार. एखादा तुकडा फुटला तर तेवढाच बदलता येतो. चर्चमध्ये आणि गोव्याच्या जुन्या घरांतही अशा खिडक्या आहेत. त्यांतून येणारा उजेड सायीसारखा मऊ असतो. ज्या सुताराने ही तावदाने प्रथम जुळवली त्याचे नाव इतिहासात नाही. मात्र स्थापत्याच्या पुस्तकांत त्याला जागा असायला हवी होती.

भिंतींचीही अशीच कथा. गोव्याचा दगड म्हणजे जांभा, तांबडा आणि सच्छिद्र. तो पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा करीत आणि त्या चुन्यातही शिंपल्यांचा चुरा घालीत. बॉम जेझूसच्या दर्शनी भागातील कोरीव कामाला मात्र काळा दगड लागला आणि तो वसईकडून आणला गेला. हा काळा दगड म्हणजे आपल्या बडनेऱ्याच्या विहिरी खोदताना लागतो त्याच जातीचा! आमचे वडील गवंडी आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी मी पहिल्यांदा चढलो, पण दगडाचे ज्ञान त्यांचेच पक्के. जांभ्याविषयी सांगितल्यावर ते म्हणाले, "गिलावा म्हंजे भितीचा सदरा हाय. तो काढला त भीत उघडी पडते."

बॉम जेझूसचा सदरा मात्र काढला गेला. 1950 च्या दशकात, पोर्तुगीज अमलातच, जुनेपणा उठून दिसावा म्हणून बाहेरचा गिलावा उतरवण्यात आला. आज चित्रांत दिसणारी ती प्रसिद्ध तांबडी भिंत अशी उघडी पडलेली आहे, आणि दर पावसाळ्यात जांभा झिजतो. गिलावा पुन्हा करावा अशी मागणी अलीकडे चर्चकडूनच झाली. पण तांबडा रंग हीच आता त्या वास्तूची ओळख झाली आहे, असे म्हणणारेही आहेत. माझा कौल गिलाव्याला. बांधणाऱ्यांनी ती भिंत झाकण्यासाठीच बांधली होती.

शिंपल्याच्या बाबतीत निवाडा इतका सोपा नाही. काच स्वस्त झाल्यावर ही कारागिरी मागे पडली. पुढे 2001 साली हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आला, आणि ते योग्यच झाले, कारण खाडीत तो जगला तरच पुढचे बोलणे. पण जुन्या चर्चची किंवा घराची खिडकी दुरुस्त करायची तर कवच आणायचे कोठून? पडक्या घरांची तावदाने उतरवून जपणे, हा एक मार्ग मला दिसतो. दुसरा मार्ग साधी काच बसवण्याचा. तो पत्करला की आत पुन्हा तेच खुपणारे ऊन.